विंडोजचा परवाना यंत्राचा की तुमचा?

मुलांच्या अभ्यासासाठी नवा कॉम्प्युटर घेतला की घरात प्रश्न निघतो, "जुन्यातलं विंडोज यात चालेल का?" ते परवान्यावर ठरतं. कंपनीनेच विंडोज घालून दिलेलं असेल तर तो ओईएम परवाना. तो मदरबोर्डाशी बांधलेला असतो, दुसऱ्या यंत्रावर जात नाही. वेगळे पैसे मोजून घेतलेला रिटेल परवाना नेता येतो. मात्र जुन्या यंत्रावरून तो आधी काढावा लागतो. व्हॉल्यूम परवाना संस्थांसाठी असतो, सुटा विकण्यासाठी नाही.

आपला कोणता, हे पाहणं सोपं आहे. कमांड प्रॉम्प्टमध्ये 'एसएलएमजीआर', जागा सोडून तिरपी रेघ आणि लगेच 'डीएलआय' ही इंग्रजी अक्षरं टाइप करा. चौकटीत प्रकार दिसेल. फार स्वस्तात की मिळत असेल, तर पैसे देण्याआधी प्रकार विचारा आणि पावती मागा.