चार इंजेक्शने आणि एक तारीख

मुदतीपूर्वी जन्मलेल्या बाळाचा श्वास कोंडतो, कारण वायुकोश मिटू न देणारा सर्फॅक्टंट हा पदार्थ त्याच्या फुप्फुसांत पुरेसा तयार झालेला नसतो. प्रसूतीपूर्वी आईला स्टेरॉइड दिल्यास ही उणीव बरीच भरून निघते, हे ऑकलंडच्या लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ मध्ये दाखवून दिले. डेक्सामेथासोन अत्यंत स्वस्त आहे: ६ मिलिग्रॅमची चार इंजेक्शने, बारा-बारा तासांनी.

जून २०१४ मध्ये केंद्र सरकारने २४ ते ३४ आठवड्यांच्या गर्भवतीस मुदतपूर्व कळा सुरू झाल्यास, मोठ्या रुग्णालयात पाठवण्यापूर्वी पहिली मात्रा देण्याची मुभा एएनएमलाही दिली. त्याच ऑक्टोबरात ‘लॅन्सेट’ने सहा देशांतील सुमारे एक लाख जन्मांची चाचणी प्रसिद्ध केली. तीत आपले बेळगाव आणि नागपूरही होते. कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू घटले नाहीत. एकूण नवजात मृत्यू मात्र हजारी साडेतीनने वाढले, आणि मातांमधील संसर्गाची शंकाही वाढली. तारीख ठाऊक नसेल तेथे गर्भाशयाची उंची फितीने मोजून निर्णय घेतला जात होता. औषध मिळालेल्या बहुतांश स्त्रियांची बाळे तितकी लहान नव्हतीच.

२०२० च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीने हे चित्र पालटले. भारतासह पाच देशांतील २९ रुग्णालयांत, २६ ते ३३ आठवड्यांच्या गर्भवतींमध्ये, नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर आले. औषध तेच होते. पण येथे गर्भाचे वय सोनोग्राफीने ठरवलेले होते, आणि बाळाची शुश्रूषा करणारा कक्ष जवळ होता.

राजस्थानात जिल्ह्याची नोंदवही चाळताना शेवटच्या पाळीची तारीख मला अनेकदा ‘तीजच्या सुमारास’, ‘आखातीजनंतर’ अशी सांगितली गेली आहे. (इतिहासाच्या विद्यार्थ्याला अशी कालगणना आवडते, वैद्यकाला ती परवडत नाही.) दोन-तीन आठवड्यांच्या फरकाने येथे उपचाराचा अपाय होतो. म्हणून इंजेक्शनच्या साठ्याआधी पहिल्या तिमाहीतील सोनोग्राफी गावाच्या आवाक्यात आणावी, असे माझे मत आहे. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याची कठोर अंमलबजावणी हवीच, परंतु तिच्या धाकाने ग्रामीण केंद्रांतील यंत्रे कुलूपबंद राहू नयेत.

टोंक-दौशाकडून जयपूरला पाठवलेल्या गर्भवतीच्या चिठ्ठीवर तीन गोष्टी असाव्यात: गर्भाचे वय कशावरून ठरवले, आईला ताप आहे का, आणि पहिली मात्रा किती वाजता दिली.