पहिले अर्धे मिनिट

सुरतेच्या उत्तरेस, तापी ओलांडल्यावर मुंबई–बडोदे रेल्वेमार्गावर लागणाऱ्या कोसाड येथील एका शाळेत, खानदेशातून पोटापाण्यासाठी आलेल्या कुटुंबांची मुले व त्यांचे गुजराती सोबती एकाच मेजाभोवती दाटीवाटीने उभे राहून जो प्रयोग करीत होते, त्याची सामग्री अगदी साधी होती : किसलेल्या बटाट्याचा फडक्यातून पिळलेला रस, भांडी घासण्याच्या साबणाचे काही थेंब आणि औषधाच्या दुकानातून आणलेली सहा टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडची बाटली. पेशींत उत्पन्न होणाऱ्या या घातक द्रव्याचे पाणी व प्राणवायू यांत विघटन करणारे कॅटॅलेज नावाचे विकर बटाट्यात असते, आणि सुटणारा प्राणवायू साबणात अडकून फेस होतो.

बाईंच्या हुकुमाबरहुकूम सहा परीक्षानळ्यांत रस व साबण समप्रमाणात घालून, पेरॉक्साइड मात्र पाणी मिसळून एकापासून सहा टक्क्यांपर्यंत चढत्या तीव्रतेचे केलेले, पण आकारमानाने सर्वत्र सारखेच, ओतण्यात आले. पहिल्या व दुसऱ्या नळीतील फेसाच्या वेगात जो फरक डोळ्यांत भरत होता, तो पुढे पुढे क्षीण होत गेला, आणि पाचवी व सहावी यांत निवाडा करणे कठीण झाले. जवळच्या सायण येथील साखर कारखान्याच्या आवारात उसाच्या गाड्यांची रांग कितीही लांबली, तरी गव्हाण आपल्या कुवतीपेक्षा अधिक ऊस घेत नाही. त्याचप्रमाणे विकराचे सारे रेणू कामात गुंतल्यावर द्रव्य वाढवून वेग वाढत नाही. रस दुप्पट करताच ही मर्यादा वर सरकली, हा त्याचा पुरावा.

परंतु नळ्या तशाच ठेवून अखेरीस फेसाची उंची मोजली, तर निष्कर्ष सर्वस्वी फसतो. कारण ज्या नळीत पेरॉक्साइड अधिक, तिच्यातून एकूण प्राणवायूही अधिक निघणार, आणि ती उंची विकराच्या वेगाची नसून ओतलेल्या द्रव्याच्या मापाची साक्ष देते. बर्लिनमध्ये 1913 साली लिओनोर मायकेलिस व मॉड मेंटेन यांनी उसाच्या साखरेचे विघटन करणाऱ्या इन्व्हर्टेज या विकराचा अभ्यास करताना आरंभीच्याच वेगावर भर दिला, तो याचसाठी की पुढे मूळ द्रव्य घटत जाते आणि तयार झालेले पदार्थ क्रियेत व्यत्यय आणू लागतात; त्यांच्या नावाचे समीकरण आजही जीवरसायनशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळते.

म्हणून शिक्षकांना विनंती एवढीच, की प्रयोगवहीत ‘फेसाची अंतिम उंची’ हा एकच रकाना न आखता, पहिल्या अर्ध्या मिनिटात दर दहा सेकंदांची उंची नोंदवून घ्यावी. त्यास एका घड्याळापलीकडे काहीही लागत नाही.