हुडहुडी थांबली म्हणजे धोका टळला नाही

दिंडोरीत थंडी वाढली की सगळ्यांची नजर द्राक्षमण्यांवर. बागेत शेकोट्या पेटतात. रात्रीच्या विजेवर गव्हाला पाणी भरणारा मात्र ओल्या पायांनी बांधावर उभाच असतो. रामशेज किल्ल्यावर पावसात भिजलेल्या ट्रेकरचंही तेच. शरीर गार पडायला बर्फ लागत नाही. 10 अंश, ओले कपडे आणि वारा एवढं पुरतं.

शरीराचं आतलं तापमान 37 वरून 35 अंशांखाली गेलं की हायपोथर्मिया सुरू. आधी हुडहुडी, मग बोबडी, बटण लावताना चुकणारी बोटं, अडखळती चाल. माणूस चिडतो, ‘मला काही झालं नाही’ म्हणतो. त्याचं ऐकू नका. साधारण 32 अंशांच्या खाली हुडहुडी थांबते, आणि सोबतचे नेमके तेव्हाच निर्धास्त होतात! काही जण तर या अवस्थेत अंगावरचे कपडे काढू लागतात.

आडोशाला न्या, ओले कपडे उतरवा, डोकं-मान झाका. अंगाखाली गोणपाट हवंच, कारण जमीन ऊब ओढून घेते. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून छातीशी, काखेत ठेवा. शुद्धीवर असेल, नीट गिळता येत असेल तरच गोड, कोमट चहा. हातपाय चोळू नका, शेकोटीला खेटून बसवू नका. दारूने ऊब वाटते, पण शरीर आणखी गार पडतं. बंद खोलीत कोळशाची शेगडी नकोच. तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू जीव घेतो.

बोलणं असंबद्ध झालं, ग्लानी आली तर 108 ला फोन करा. रुग्णाला आडवाच ठेवा, हलक्या हाताने उचला. अशा वेळी धक्क्यानेही हृदयाचे ठोके बिघडू शकतात.