सूक्ष्मजीवशास्त्राची खुली दालने: बेंगळुरूहून मराठी विद्यार्थ्यांच्या हाती

२०१८ च्या मे महिन्यात कर्नाटकातील शिवमोगा परिसरात मक्याच्या पोंग्यात एक नवी अळी आढळली. ती अमेरिकन लष्करी अळी, म्हणजेच स्पोडोप्टेरा फ्रुगिपर्डा, असल्याचे तज्ज्ञांनी निश्चित केले. जुलै संपता संपता बेंगळुरूच्या हेब्बाळ येथील भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्यूरोने या किडीविषयी सावधगिरीची सूचना प्रसृत केली. अळीची ओळखचिन्हे आणि नुकसानीचा प्रकार या गोष्टी कोणालाही घरबसल्या पाहता येऊ लागल्या. त्यानंतर पावसाळा सरत असताना महाराष्ट्रातील मका आणि उसावरही ही अळी नोंदली गेली. ज्या विद्यार्थ्याने आणि ज्या अध्यापकाने ती सूचना वाचली होती, त्यांना शिवारात ही अळी ओळखता आली असती. वैज्ञानिक बातमी वेळेवर आणि खुलेपणाने पोहोचली तर काय साधते, याचे हे उदाहरण होय.

याच्या उलट उदाहरण डाळिंबाचे आहे. डाळिंबावरील जिवाणूजन्य करपा, ज्याला आपले बागायतदार ‘तेल्या’ म्हणतात, त्याची भारतातील नोंद १९५२ इतकी जुनी आहे. ती दिल्लीतून झाली. १९५९ मध्ये त्याच्या कारक जिवाणूला शास्त्रीय नाव मिळाले. १९९१ मध्ये बेंगळुरूच्या हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेतील संशोधकांचा या रोगावरील अभ्यास प्रसिद्ध झाला. पुढे या रोगाने महाराष्ट्रातील डाळिंब पट्ट्यात हाहाकार उडवला. सोलापूरला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले ते २००५ मध्ये. रोगाची पूर्वपीठिका छापील होती. परंतु ती मोजक्या ग्रंथालयांतील नियतकालिकांत बंदिस्त होती. सांगोला किंवा सटाणा येथील जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला तिचा पत्ता लागण्याचा मार्गच नव्हता.

आज तो मार्ग उपलब्ध आहे. त्यामुळे माहिती मिळेल का, हा प्रश्न मागे पडला असून मिळालेली माहिती वाचावी कशी, हा प्रश्न पुढे आला आहे. प्रस्तुत लेखात या दोन्ही बाजूंचा विचार केला आहे.

बेंगळुरूची खुली दालने

जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला बेंगळुरू शहरातून विनामूल्य मिळणारे साहित्य विपुल आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९३४ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय विज्ञान अकादमीने जानेवारी १९९६ पासून ‘रेझोनन्स’ हे विज्ञानशिक्षणाला वाहिलेले मासिक सुरू केले. ते पदवीच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना समोर ठेवून लिहिले जाते. त्याचे पहिल्या अंकापासूनचे लेख अकादमीच्या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. त्यातील ‘क्लासरूम’ या सदरात वर्गात उपस्थित होणाऱ्या शंका आणि साध्या साधनांनी करता येणारे प्रयोग यांची चर्चा असते. ज्या महाविद्यालयाकडे महागडी उपकरणे नाहीत, त्याला हे सदर विशेष उपयोगी आहे.

बेंगळुरूस्थित ‘इंडियाबायोसायन्स’ हे व्यासपीठ जीवशास्त्रातील संशोधनवार्ता, शिक्षणविषयक लेख आणि संधींची माहिती देते. गुब्बी लॅब्ज चालवत असलेल्या ‘रिसर्च मॅटर्स’ या संकेतस्थळावर भारतीय संशोधनाच्या बातम्या इंग्रजी आणि कन्नडबरोबरच मराठीतही प्रसिद्ध होतात. भारतीय विज्ञान संस्था आणि भारतीय तंत्रज्ञान संस्था यांच्या सहभागाने २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘एनपीटेल’ उपक्रमातील व्याख्याने ग्रामीण महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही ऐकता येतात.

या शेवटच्या सोयीचे मोल जाणण्यासाठी एका मराठी विद्यार्थिनीची आठवण ठेवावी. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची पदवी उत्तम प्रकारे मिळवून कमला भागवत, म्हणजे पुढील काळातील डॉ. कमला सोहोनी, बेंगळुरूच्या याच विज्ञान संस्थेच्या दारी गेल्या, तेव्हा केवळ स्त्री असल्यामुळे त्यांना प्रवेश नाकारला गेला. त्यांनी हट्ट सोडला नाही. अखेर अटींवर प्रवेश मिळाला. दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांवर त्यांनी तेथे काम केले आणि पुढे केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. त्या संस्थेतील अध्यापकांचे व्याख्यान आज कोणतीही विद्यार्थिनी कोणाचीही परवानगी न मागता ऐकू शकते.

कृषी संशोधनाच्या बाबतीत आणखी एक बदल महत्त्वाचा आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने २०१३ मध्ये मुक्त प्रवेशाचे धोरण स्वीकारले. परिषदेची नियतकालिके त्यांच्या ई-प्रकाशन मंचावर आणि कृषी विद्यापीठांतील प्रबंध ‘कृषिकोश’ या भांडारात पाहता येतात.

पहिली किल्ली: नाव

साहित्य खुले झाले तरी ते शोधण्यासाठी नेमके नाव लागते, आणि सूक्ष्मजीवांची नावे स्थिर नसतात. तेल्या रोगाचाच जिवाणू घ्या. १९५९ मध्ये तो झॅन्थोमोनास प्युनिसी होता. १९७८ पासून तो झॅन्थोमोनास कॅम्पेस्ट्रिस या जातीचा ‘प्युनिसी’ हा पॅथोव्हार, म्हणजे विशिष्ट यजमान वनस्पतीवर रोग करणारा गट, मानला जाऊ लागला. पुढे १९९५ च्या पुनर्वर्गीकरणानंतर जातीचे नाव अ‍ॅक्सोनोपोडिस झाले आणि अलीकडे तो झॅन्थोमोनास सिट्री या जातीत गणला जातो. जीव एकच, नावे चार. केवळ आजच्या नावाने शोध घेणाऱ्या विद्यार्थ्याला १९९१ चा बेंगळुरूचा अभ्यास दिसणारच नाही.

असेच अन्यत्रही घडले आहे. लष्करी अळीला दमट हवेत ग्रासणारी, तिला प्रथम पांढरी आणि मग हिरवट बीजाणूंनी झाकून टाकणारी बुरशी जुन्या पुस्तकांत नोमुरिया रिलेयी या नावाने आहे; २०१४ पासून तिला मेटाऱ्हायझियम रिलेयी म्हणतात. टोमॅटोवरील मर रोगाचा जिवाणू एकेकाळी स्यूडोमोनास होता, १९९५ पासून तो राल्स्टोनिया आहे. दह्याशी निगडित लॅक्टोबॅसिलस ही प्रजाती तर २०२० मध्ये एकदम २५ प्रजातींत विभागली गेली. म्हणून कोणत्याही सूक्ष्मजीवाचा शोध घेताना त्याची जुनी नावे प्रथम वहीत लिहून काढावीत आणि प्रत्येक नावाने स्वतंत्र शोध घ्यावा.

नाव नेमके असले की पुढचा प्रवास किती दूरवर जातो, हेही याच जिवाणूवरून दिसते. भारतातील डाळिंबावरून मिळालेला त्याचा ‘एलएमजी ८५९’ हा वाण बेल्जियममधील घेंट येथील संग्रहात जपलेला आहे. त्याचा जनुकसंच चंडीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. तो सार्वजनिक माहितीसाठ्यातून पदवीच्या विद्यार्थ्यालाही उतरवून घेता येतो.

दुसरी किल्ली: आकडा

सूक्ष्मजीवांविषयीच्या बातम्यांत आकडे प्रचंड असतात आणि नेमकी तेथेच फसगत होते. खत नियंत्रण आदेशानुसार वाहकावर आधारित रायझोबियम किंवा अ‍ॅझोटोबॅक्टर जिवाणू खताच्या एका ग्रॅममध्ये किमान ५ कोटी, तर द्रवरूप खताच्या एका मिलिलिटरमध्ये किमान १० कोटी जिवंत पेशी असाव्या लागतात. एखाद्या घरगुती द्रावणात ‘लाखो उपयुक्त जिवाणू’ असल्याचे वाचले की हा निकष आठवावा. लाखो ही संख्या येथे मोठी नसून लहान आहे. शिवाय ते जिवाणू कोणते, जिवंत किती आणि मोजले कसे, हे सांगितले नसेल तर त्या संख्येला अर्थ उरत नाही.

‘९९.९ टक्के जिवाणूंचा नाश’ हा दावाही असाच तपासावा. एका मिलिलिटरमध्ये १० कोटी जिवाणू असतील तर ९९.९ टक्के नाशानंतरही १ लाख जिवाणू जिवंत उरतात आणि अनुकूल परिस्थितीत ते पुन्हा वाढतात. हे गणित ज्याला समजले, तो बागेत एका फवारणीने रोग संपल्याचा दावा मान्य करण्यापूर्वी थांबून विचार करील.

तिसरी किल्ली: स्थळ आणि काळ

काचेच्या बशीत एखाद्या बुरशीने रोगजंतूची वाढ रोखली, याचा अर्थ ती शेतातही तसेच करील असा नव्हे. शेतात ऊन, पाऊस, मातीचा सामू आणि इतर असंख्य सूक्ष्मजीव असतात. म्हणून प्रयोग बशीत झाला, कुंडीत झाला की शेतात, आणि शेतात झाला असल्यास किती ठिकाणी व किती हंगाम, हे पाहणे आवश्यक आहे. तसेच शिफारशीची तारीख पाहावी. पीकसंरक्षणासाठी परवानगी असलेली औषधे बदलत असतात. दहा वर्षांपूर्वीची शिफारस आज लागू असेलच असे नाही. तारीख नसलेली माहिती पुढे पाठवू नये.

अध्यापकांची भूमिका

अनेक महाविद्यालयांत अध्यापक विद्यार्थ्यांच्या गटावर दररोज दुवे पाठवतात. हेतू स्तुत्य असला तरी दुव्यांच्या राशीतून वाचन घडत नाही. आठवड्याला एकच लेख निवडावा. त्यासोबत मराठीत चार ओळी लिहाव्यात: काय आढळले, कोठे आढळले, केव्हा आढळले आणि अद्याप काय सिद्ध झालेले नाही. मूळ लेखाचा दुवा अवश्य द्यावा. हक्क राखीव असलेल्या पुस्तकांच्या प्रती फिरवण्याऐवजी मुक्त परवान्याने मिळणारे साहित्य वापरावे. ते कायदेशीरही आहे आणि पुरेसेही. पारिभाषिक शब्दांसाठी मराठी विश्वकोश ऑनलाइन उपलब्ध आहे.

चार ओळींचे हे मराठी टिपण अध्यापकाने काही आठवडे लिहावे आणि नंतर विद्यार्थ्यांकडे सोपवावे. इंग्रजी लेख वाचून मराठीत सांगता आला, तरच तो समजला असे मानता येते.

वाचनातून संशोधनही उभे राहते. पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातून डॉ. मिलिंद वाटवे आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. स्ट्रेप्टोमायसीस या जिवाणूंपासून आजवर किती प्रतिजैविके सापडली, याच्या प्रकाशित नोंदींवरून त्यांनी गणिती प्रतिमान मांडले आणि अशी संयुगे एकूण सुमारे लाखाच्या घरात असावीत, त्यांपैकी अत्यल्पच आपल्या हाती आली आहेत, असा अंदाज वर्तवला. या निष्कर्षाचा पाया इतरांनी छापलेली आणि काळजीपूर्वक वाचलेली माहिती हा होता.

ग्रामीण भागातील जीवशास्त्राचा विद्यार्थी बहुधा शेतकरी कुटुंबातील असतो. पानावर तेलकट डाग दिसला की घरातील मंडळी आज प्रथम मोबाइलवर आलेला संदेश उघडतात. त्या संदेशातील जीव कोणता, आकडा कसला आणि प्रयोग कोठला, हे विचारू शकणारी व्यक्ती त्या घरात बहुधा तो विद्यार्थी किंवा ती विद्यार्थिनीच असते. त्यांना हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लागली, तर बेंगळुरूच्या प्रयोगशाळेतील ज्ञान बांधापर्यंत पोहोचण्यासाठी पुन्हा अनेक दशके वाट पाहावी लागणार नाही.