नवोदयची वाट तिसरीपासून सुरू होते

पावसाळ्यात कर्जत-खालापूरकडे भातलावणीची घाई सुरू असते. त्याच सुमारास शाळांमधून पाचवीच्या पालकांना एक निरोप जातो: नवोदयचे अर्ज सुरू झाले आहेत, मुलांचे कागद घेऊन या. बऱ्याच घरांत तो निरोप दप्तरातच राहतो. काही घरांत दोन दिवस चर्चा होते आणि "एवढ्या लांब पोराला ठेवायचं कसं?" या प्रश्नावर संपते. माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी तो निरोप पोहोचला, चर्चा झाली, हिंमतही झाली. पण तोवर उशीर झाला होता. त्या उशिराला जबाबदार मीच होतो.

बहिणीचे सासर कर्जत तालुक्यातल्या एका गावात आहे. तिची मोठी मुलगी गावातल्या जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकत होती. गणितात चांगली होती. ती चौथीत गेली तेव्हा मी बहिणीला सांगितले, "हिला शहरातल्या इंग्रजी शाळेत घाल. गाडीचे निम्मे पैसे मी देतो." मला वाटले मी भाचीचे भले करतो आहे. पुढे पाचवीत नवोदयचा अर्ज भरायला बसलो, तेव्हा तिसरी, चौथी आणि पाचवी कोणत्या भागातल्या शाळेत झाली, हा प्रश्न समोर आला. तिथे माझ्या शहाणपणाची किंमत कळली.

नवोदय म्हणजे काय

1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जवाहर नवोदय विद्यालयांची योजना पुढे आली. त्याआधी 1985-86 मध्ये हरियाणातील झज्जर आणि आपल्या महाराष्ट्रातील अमरावती येथे प्रयोग म्हणून पहिली दोन विद्यालये सुरू झाली होती. हेतू सरळ होता. खेड्यातल्या हुशार मुलाला, त्याच्या बापाच्या खिशाकडे न बघता, चांगल्या निवासी शाळेचे शिक्षण मिळावे. आज देशभरात अशी सहाशेहून अधिक विद्यालये आहेत. सहावी ते बारावी, अभ्यासक्रम सीबीएसईचा. राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके मोफत. नववीपासून दरमहा 600 रुपये विद्यालय विकास निधी घेतला जातो, पण मुली, अनुसूचित जाती-जमातीची मुले आणि दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांतील मुले यांना तोही माफ आहे. सरकारी नोकरांच्या मुलांसाठी ही रक्कम जास्त असते.

आपल्या रायगड जिल्ह्याचे नवोदय माणगाव तालुक्यात निजामपूर येथे आहे. खोपोलीहून पालीमार्गे वाकणला मुंबई-गोवा महामार्ग गाठायचा, पुढे कोलाड, इंदापूर, माणगाव आणि तिथून ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्याने निजामपूर. रेल्वेने जायचे तर पनवेलहून कोकण रेल्वेने माणगावपर्यंत. जिल्हा तोच असला तरी कर्जतच्या माणसाला मुंबई जितकी सवयीची, तितके माणगाव सवयीचे नाही. आपल्याकडची मुले कल्याण-मुंबईकडे बघत वाढतात. दक्षिणेकडे आपल्याच जिल्ह्यात एवढी मोठी संधी आहे, हे अनेकांच्या लक्षातही येत नाही.

जागा किती आणि कोणाला

सहावीत जास्तीत जास्त 80 मुलांना प्रवेश मिळतो. जिल्ह्यात 15 तालुके आहेत, हे लक्षात घेतले की चुरस किती असेल ते कळते. या 80 पैकी किमान 75 टक्के, म्हणजे 60 जागा ग्रामीण भागातील मुलांसाठी असतात. उरलेल्या जागांवर शहरी आणि ग्रामीण मुले गुणवत्तेवर एकत्र लढतात. एकूण जागांपैकी किमान एक तृतीयांश मुलींसाठी असतात. अनुसूचित जाती, जमाती, अपंग आणि केंद्रीय यादीतील इतर मागासवर्ग यांनाही आरक्षण आहे. मुस्लिम समाजातल्या काही बिरादऱ्या ओबीसी यादीत येतात. ज्यांची बिरादरी केंद्रीय यादीत आहे, त्यांनी दाखला केंद्राच्या नमुन्यात काढून ठेवावा.

आता ग्रामीण म्हणजे कोण? इथेच आमची गाडी अडली. ग्रामीण जागेसाठी मुलाने तिसरी, चौथी आणि पाचवी ही तिन्ही वर्षे पूर्ण ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत शिकलेली असावी लागतात. या तीन वर्षांत एक दिवस जरी शहरी भागातल्या शाळेत शिकले, तरी ते मूल शहरी धरले जाते. घर कुठे आहे हे नव्हे, शाळा कुठे आहे ते पाहिले जाते. कर्जत नगरपरिषद, खोपोली नगरपरिषद, माथेरान नगरपरिषद यांच्या हद्दीतल्या शाळा शहरी. कशेळे, कडाव, कळंब, वावोशी अशा गावांतल्या शाळा ग्रामीण. बाजार मोठा झाला, इमारती उभ्या राहिल्या म्हणून गाव शहरी होत नाही आणि हद्दीवरची वाडी साधी दिसते म्हणून ती ग्रामीणही ठरत नाही. कागदावर काय आहे ते मुख्याध्यापकांना विचारून घ्यावे.

माझी भाची गावात राहत होती, चुलीवरचा चहा पिऊन शाळेला जात होती, पण कागदावर ती शहरी झाली. तिने परीक्षा दिली. निवड झाली नाही. ग्रामीण म्हणून बसली असती तर झालीच असती, असे मी म्हणत नाही. पण तिच्यासाठी जो मोठा दरवाजा उघडा होता, तो मी स्वतःच्या हाताने लावून घेतला. आणि ही परीक्षा दुसऱ्यांदा देता येत नाही. पाचवीत एकदाच. नापास होऊन किंवा थांबून पुन्हा बसण्याची सोय नाही.

परीक्षा कशी असते

परीक्षा हिवाळ्यात होते. दोन तास, 80 प्रश्न, 100 गुण. त्यात 40 प्रश्न बुद्धिमत्तेचे, 20 गणिताचे आणि 20 भाषेचे. बुद्धिमत्तेचे प्रश्न आकृत्यांचे असतात: वेगळी आकृती ओळखा, आरशातली प्रतिमा कोणती, कागद घडी घालून भोक पाडले तर उघडल्यावर कसा दिसेल. भाषेत चार उतारे आणि प्रत्येकावर पाच प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न रिकामा सोडू नये. प्रश्नपत्रिका मराठीत मिळते, उर्दूतही मिळते. उर्दू शाळेतल्या पालकांनी "आपल्या पोराला जमणार नाही" असे आधीच ठरवू नये. फक्त अर्जात भाषा नीट निवडावी.

यासाठी महागडा क्लास लागतोच असे नाही. रोज अर्धा-पाऊण तास, जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तराचा गोल काळा करण्याचा सराव, एवढे चौथीपासून केले तर मूल घाबरत नाही. शिष्यवृत्ती परीक्षेतही बुद्धिमत्ता चाचणी असते, त्यामुळे ही मेहनत वाया जात नाही. आपल्या मुलांचा दिवस मात्र लांब असतो: सकाळी शाळा, मग मकतब, मग गृहपाठ. नाजरा कुरआन चौथीच्या अखेरीस पूर्ण होईल असे उस्तादांशी बोलून ठरवले, तर पाचवीत मुलावर दोन्हीकडून ताण येत नाही.

कागदांची गंमत आणि सजा

आपल्या समाजात कागदावरची नावे हा मोठा घोळ. जन्मदाखल्यावर मोहम्मद, आधारवर मो., शाळेत मोहंमद. आईचे नाव एकीकडे माहेरचे, दुसरीकडे सासरचे. जन्मतारीख शाळेत वेगळी, दाखल्यावर वेगळी. पाचवीत धावपळ करून हे सुधारत नाही. तिसरीतच सगळे कागद एका रांगेत मांडून बघावेत. सहावीच्या प्रवेशावेळी मुलाचे वय साधारण 10 ते 12 असावे लागते आणि नेमक्या तारखा दरवर्षीच्या सूचनेत दिलेल्या असतात.

अर्ज ऑनलाइन असतो आणि त्याला फी नाही. सेवा केंद्रवाला भरून देण्याचे पैसे घेईल, तेवढेच. मुख्याध्यापकांच्या सहीचे प्रमाणपत्र जोडावे लागते. "जागा करून देतो" असे कोणी म्हणाले तर सलाम करून उठावे. निवड परीक्षेतूनच होते.

आईचे प्रश्न

खरी परीक्षा त्यानंतर असते आणि ती आईबापांची असते. बहिणीने मला रात्री साडेअकराला फोन करून विचारले होते, "भाई, घेतली तर घेतली, पण ती राहील का? आणि मी राहीन का?"

तिथला दिवस घड्याळाने चालतो. पहाटे उठणे, व्यायाम, परिपाठ, वर्ग, खेळ, संध्याकाळी शिक्षकांच्या देखरेखीखाली अभ्यास. मुले अरावली, निलगिरी, शिवालिक, उदयगिरी अशा गटांत राहतात. मुलींची वसतिगृहे वेगळी. मुलांना मोबाइल ठेवता येत नाही. भेटीचे दिवस ठरलेले असतात. आपले अंथरूण, आपली पेटी, आपली बादली आपणच सांभाळायची. सुरुवातीच्या महिन्यांत बहुतेक मुले रडतात. त्या काळात दर भेटीला "चल घरी" म्हणणारा बाप मुलाचे काम अवघड करतो.

शिक्षण सुरुवातीला मातृभाषेत किंवा प्रादेशिक भाषेत आणि पुढच्या वर्गांत गणित-विज्ञान इंग्रजीतून. नववीत सुमारे 30 टक्के मुलांना एका वर्षासाठी दुसऱ्या भाषेच्या राज्यातल्या नवोदयात पाठवतात. तिथून महाराष्ट्रात मुले येतात, इथून तिकडे जातात. हे प्रवेशाआधीच मनाशी ठरवून ठेवावे, नववीत हरकत घेऊ नये.

मग आपले प्रश्न: नमाज, रोजा, जेवण. दहा वर्षांच्या मुलावर रोजा फर्ज नाही, पण घरात रमजानची हवा असते आणि तिथे नसते, याचे दुःख आईला जास्त होते. याबद्दल भीतीने गप्प बसू नये आणि तक्रारीच्या सुरातही बोलू नये. प्रवेशाच्या वेळी वसतिगृह सांभाळणाऱ्या शिक्षकांशी शांतपणे बोलावे, मूल काय खाते, काय खात नाही ते सांगावे. मुलालाही शिकवावे की नमाज पलंगाजवळच्या कोपऱ्यात अदा होते आणि आपल्या धर्माची ओळख आपल्या वागण्यातून होते. दहा वर्षे घरात जे शिकवले, ते पेटीत कपड्यांबरोबर जातेच.

मुलींच्या बाबतीत भीती अधिक असते. ती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. पण गावातली मुलगी आठवीनंतर रोज गाडीने, ट्रेनने किती दूर जाते आणि किती वेळा त्याच प्रवासामुळे तिचे शिक्षण थांबते, हेही मोजले पाहिजे. एका आवारात शाळा, वसतिगृह, खेळ आणि बारावीपर्यंतची खात्री, तीही एक पैसा फी न देता. याचा हिशेब शांत डोक्याने करावा.

आणि निवड झाली नाही तर? जागा रिकाम्या असतील तर नववीत आणि अकरावीत प्रवेशाची वेगळी परीक्षा होते. ती दुसरी खिडकी आहे. लहान आहे, पण आहे. भाची आता तिच्याकडे बघून अभ्यास करते आहे.

तिची धाकटी बहीण यंदा तिसरीत गेली. जूनमध्ये शहरातल्या शाळेची गाडी दारात आली, चालकाने नेहमीप्रमाणे विचारले, "छोटीलाही पाठवायचं ना?" बहीण म्हणाली, "नाही, ही गावातच शिकणार." मग तिने मला फोन केला. निम्मे पैसे आता नकोत, म्हणाली. त्याऐवजी दर रविवारी येऊन तासभर गणित घे. मी जातो. वह्या काढायच्या आधी ती मला कागदाची घडी घालून भोक पाडायला लावते, आणि उघडण्याआधी स्वतः उत्तर सांगते.