वर जाऊन बसा

माझी मैत्रीण सकाळी साडेसहालाच शाळेत आली होती. त्या दिवशी आमचं गॅदरिंग होतं आणि दहा वाजता प्रमुख पाहुणे यायचे होते. फाटकापासून स्टेजपर्यंतची रांगोळी तिनेच काढायची हे ठरलेलं होतं, कारण आमच्या आठवीत तिच्यासारखा हात कुणाचा नव्हता. ठिपके न मांडता तिने थेट मोर काढला. पिसाऱ्यातल्या डोळ्यांसाठी ती निळ्या रंगात चिमूटभर हिरवा आणि थोडी पांढरी रांगोळी घालून मनासारखी छटा येईपर्यंत तळहातावर घोळवत होती. मी शेजारी रंगाच्या पुड्या धरून बसले होते.

नऊला बाई आल्या. औक्षणाला पाच मुली हव्या होत्या. आम्ही रांगेत उभ्या राहिलो. बाई रांगेसमोरून चालता चालता बोट दाखवत गेल्या, "तू, तू, तू... नऊवारी आहे ना गं घरी?" रांग संपली तेव्हा पाचजणी निवडून झाल्या होत्या. माझ्या मैत्रिणीपाशी त्या थांबल्या, तिच्या रंगाने माखलेल्या हातांकडे पाहिलं आणि अगदी मायेने म्हणाल्या, "तू दमलीस बाळा. वर वर्गात जाऊन बस." पहिल्या मजल्यावरच्या खिडकीच्या गजांतून तिने ते औक्षण पाहिलं. पाहुणे मोराला वळसा घालून आत गेले.

काळी, जाड, बुटकी यातला एकही शब्द त्या सकाळी कुणी उच्चारला नाही. तरी त्या पाचजणींकडे पाहून निवड कशावरून झाली, हे रांगेतल्या प्रत्येक मुलीला कळलं होतं.

ही गोष्ट पिंपरी-चिंचवडमधल्या काळेवाडीतली. पुढे कितीतरी वर्षांनी अमेरिकेतल्या एका प्रकरणाबद्दल वाचताना मी एका वाक्याशी थबकले, कारण तिथल्या मुलींनाही हेच सांगितलं गेलं होतं. वर जाऊन बसा.

तिकडच्या विद्यापीठांत विद्यार्थिनींच्या सोरॉरिटी नावाच्या संघटना असतात. त्यांची नावं ग्रीक अक्षरांची असतात, राहायला एक मोठं घर असतं आणि एकदा आत आलं की आयुष्यभराचं बहिणीचं नातं, असं वचन असतं. नव्या मुली घेण्यासाठी काही दिवसांचा सोहळा होतो, त्याला 'रश' म्हणतात. मुली घरोघर फिरतात, प्रत्येक घरात थोडा वेळ गप्पा मारतात. शेवटी त्या आपल्या पसंतीची यादी देतात, घरं आपली यादी देतात, आणि दोन्ही याद्या जुळवून कोण कुठे जाणार ते ठरतं. सुझन मॉन्गेल आणि अ‍ॅल्विन रॉथ या अर्थशास्त्रज्ञांनी १९९१ साली या जुळवाजुळवीवर शोधनिबंध लिहिला. पुढे २०१२ साली रॉथ यांना नोबेल मिळालं, तेही दोन बाजूंच्या अशा जुळणीच्या अभ्यासासाठीच. वधू-वर सूचक मंडळात काम केलेल्या माणसाला हे गणित लगेच ओळखीचं वाटेल. याद्या जुळवण्याची रीत कितीही काटेकोर असली, तरी यादीत नाव कितव्या जागी लिहायचं हे त्या थोड्या वेळाच्या भेटीतच ठरतं.

इंडियाना राज्यातल्या ग्रीनकॅसल गावात डीपॉ विद्यापीठ आहे. तिथल्या डेल्टा झीटा या सोरॉरिटीची शाखा १९०९ सालची. २००६ पर्यंत तिथल्या सदस्य कमी होऊन ३५ वर आल्या होत्या. कॅम्पसवर त्या मुलींची प्रतिमा अभ्यासू, थोड्या बुजऱ्या अशी होती. मुख्यालयातून प्रतिनिधी आले, त्यांनी एकेकीची मुलाखत घेतली. मग नव्या मुलींना आकर्षित करण्यासाठी घरात कार्यक्रम ठेवला. त्या संध्याकाळी बहुतेक सदस्यांना आपल्याच घरात वर खोल्यांत थांबायला सांगण्यात आलं, आणि खाली दारात स्वागताला दुसऱ्या विद्यापीठातल्या शाखेच्या सडपातळ मुली बोलावून उभ्या केल्या. डिसेंबरमध्ये २३ जणींना घर सोडायला सांगणारी पत्रं मिळाली. न्यूयॉर्क टाइम्सने फेब्रुवारी २००७ मध्ये हे छापलं. त्या बातमीप्रमाणे घरातली प्रत्येक जाड मुलगी या २३ मध्ये होती. एकुलती एक कृष्णवर्णी, एकुलती एक कोरियन आणि एकुलती एक व्हिएतनामी मुलगीही होती. रूपाचा काही संबंध नाही, सदस्य वाढवण्याची बांधिलकी कुणात आहे तेवढंच पाहिलं, असं संघटनेचं म्हणणं होतं. ठेवून घेतलेल्या १२ जणींपैकी सहाजणी संतापून आपणहून बाहेर पडल्या. त्या सहाजणींबद्दल मला फार आदर वाटतो. मार्चमध्ये विद्यापीठाने त्या संघटनेशी संबंध तोडले.

बांधिलकी कमी, हे तिथलं कारण. तू दमलीस, हे आमच्या शाळेतलं. रूपावरून बाजूला काढताना कारण नेहमी दुसऱ्याच शब्दांचे कपडे घालून येतं. आपल्याकडे असे शब्द रग्गड आहेत: कार्यक्रमाला शोभेल अशी, चारचौघांत उठून दिसणारी, स्मार्ट, प्रेझेंटेबल. उघडपणे लिहिलं गेलं की मात्र समाज दचकतो. २०१७ साली महाराष्ट्रात बारावीच्या समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात हुंड्याच्या कारणांमध्ये मुलीचं कुरूप असणं हे एक कारण दिलेलं आढळलं, त्यावर मोठी टीका झाली आणि तो मजकूर काढून टाकण्याची घोषणा करावी लागली. टीका करणाऱ्या कितीतरी घरांत त्याच महिन्यात मुलगी बघायचे कार्यक्रम झाले असतील.

पण बाई खोटं बोलल्या असं मला आज वाटत नाही. त्यांना खरोखरच वाटलं असेल की पोर दमली आहे. इथून पुढची गोष्ट थक्क करणारी आहे.

प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जनीन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना अनोळखी चेहरे दाखवायचे, तेही सेकंदाचा फक्त दहावा भाग, म्हणजे पापणी लवायला लागतो त्याहूनही कमी वेळ. मग विचारायचं, हा माणूस दिसायला कसा आहे, विश्वासू आहे का, कामाचा आहे का? दुसऱ्या लोकांनी तेच चेहरे हवा तितका वेळ पाहून दिलेल्या उत्तरांशी ही झटपट उत्तरं बरीचशी जुळली. वेळ वाढवून दिला तेव्हा मत फारसं बदललं नाही, वाढली ती आपलं मत बरोबर असल्याची खात्री. म्हणजे डोळा निकाल देऊन मोकळा होतो आणि मन मागून कारणं गोळा करत राहतं. शिवाय एक गुण दुसऱ्यांना उजेड देतो. एडवर्ड थॉर्नडाइक यांना १९२० मध्येच दिसलं होतं की लष्करी अधिकारी ज्या सैनिकाच्या शरीरयष्टीला चांगले गुण देतात, त्याच्या बुद्धीला, नेतृत्वाला आणि चारित्र्यालाही चांगलेच गुण देतात. नाकीडोळी नीटस मुलगी आपल्याला हुशार वाटते, समंजस वाटते, तबकही नीट धरेल असं वाटतं. बाईंना रांगेसमोरून चालायला जितका वेळ लागला, तो या हिशेबाने भरपूर होता.

मग हा डोळा सुंदर कशाला म्हणतो?

फ्रान्सिस गाल्टन यांनी १८७० च्या दशकाच्या अखेरीस गुन्हेगारांचे फोटो एकाच काचेवर एकावर एक उतरवले. गुन्हेगाराचा असा खास चेहरा त्यात उमटेल अशी त्यांची अपेक्षा होती. उमटला तो त्यातल्या प्रत्येकापेक्षा देखणा चेहरा. शंभरेक वर्षांनी, १९९० मध्ये, ज्युडिथ लँगलॉइस आणि लोरी रॉगमन यांनी तेच संगणकावर केलं. दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस चेहऱ्यांची सरासरी काढली. जितके चेहरे जास्त मिसळले, तितका तयार झालेला चेहरा लोकांना अधिक आकर्षक वाटला. अगदी मोहून टाकणारा चेहरा सरासरीपेक्षा थोडा हटके असतो असं पुढच्या प्रयोगांतून दिसलं, पण पाया सरासरीचाच. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा दिवसभर दुसरं काही सुचलं नाही. हजारात एखादं असणारं ते सौंदर्य, असं आपण समजतो, आणि डोळा मात्र हजारांच्या बेरजेवर भाळतो.

ही बेरीज कुठल्या चेहऱ्यांची? जिलियन ऱ्होड्स आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये लोकांना काही मिनिटं मुद्दाम चेपलेले किंवा फुगवलेले चेहरे दाखवले. तेवढ्याने त्यांची आवड सरकली. चेपलेले पाहणाऱ्यांना थोडे चेपलेले चेहरे बरे वाटू लागले, फुगवलेले पाहणाऱ्यांना फुगीर. आपल्या आत एक सरासरी चेहरा असतो आणि आपण ज्याला ज्याला पाहू तो त्याच्यात मिसळत राहतो. अगदी आजसुद्धा, बसमधून उतरेपर्यंत.

ग्रीनकॅसलमधलं ते घर मला यानंतर वेगळं दिसू लागलं. ज्यांना वर बसवलं त्या फक्त एका कार्यक्रमाला मुकल्या नव्हत्या. दारातून आत येणाऱ्या प्रत्येक मुलीच्या डोळ्यांतल्या सरासरीतून त्या वगळल्या गेल्या होत्या. आमच्या शाळेतही दरवर्षी त्याच घडणीच्या पाचजणी तबक घेऊन उभ्या राहायच्या, पहिलीतली पोरं त्यांना पाहायची, आणि तबक धरणारी मुलगी कशी दिसते ते त्यांच्या डोळ्यांत ठरून जायचं.

काळेवाडीतल्या एका मंगल कार्यालयात मी मावशीबरोबर वधू-वर मेळाव्याला गेले होते. हातात परिचय पुस्तिका दिली. जन्मवेळ, उंची, शिक्षण, अपेक्षा, आणि मध्ये एक रकाना: रंग. गोरा, निमगोरा, गहुवर्णी, सावळा. मी पानं उलटत गेले. मुलींच्या पानांवर 'निमगोरा' इतक्या वेळा आलं होतं की फोटोशी त्याचा काही संबंध उरला नव्हता. मुलांकडचा रकाना कितीतरी ठिकाणी नुसता कोरा होता. शेजारी बसलेल्या एका काकूंनी आपल्या मुलीचा फॉर्म भरताना पेन थांबवून माझ्या मावशीला हळूच विचारलं, "ताई, निमगोरी लिहू का? सावळी लिहिलं तर फोनच येत नाहीत हो." शादी डॉट कॉमने तक्रारीनंतर २०२० मध्ये त्वचेच्या रंगाची चाळणी काढून टाकली, पण काकूंच्या पेनाखालचा तो रकाना होताच.

आणि ही पुस्तिका वाटली जात होती ती काळेवाडीत! तापकीर चौकात संध्याकाळी दहा मिनिटं उभं राहून पाहा. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांनी पवनेच्या काठावर लातूर, बीड, जळगाव, बुलढाणा आणून वसवलं, मागोमाग केरळ, बिहार, उत्तर प्रदेश आले. सुटलेली शिफ्ट, भाजीच्या गाड्या, क्लासची पोरं. नाकांचे, कपाळांचे, रंगांचे इतके प्रकार एका चौकात क्वचित कुठे असतील.

याचा डोळ्यावर परिणाम होतो, आणि फार लवकर होतो. नवजात बाळ कुठल्याच वंशाच्या चेहऱ्याकडे जास्त वेळ पाहत नाही. तीन महिन्यांचं झालं की आपल्या माणसांसारख्या दिसणाऱ्या चेहऱ्यांवर त्याची नजर जास्त ठरते. याइर बार-हाइम आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये इस्रायलमधली तीन महिन्यांची बाळं तपासली. इथिओपियाहून आलेल्या कुटुंबांतल्या ज्या बाळांभोवती दोन्ही वंशांची माणसं होती, त्यांची नजर दोन्हीकडे सारखीच ठरत होती. नजर ठरणं म्हणजे सौंदर्याचा निकाल नव्हे, हे खरं. पण डोळ्यातली ती बेरीज इथून सुरू होते.

आमच्या शेजारच्या घरात सध्या एक बाळ आहे, साडेतीन महिन्यांचं. त्याची आई सकाळच्या पाळीला जाते. दुपारपर्यंत ते लातूरच्या आजींच्या मांडीवर असतं, मग वरच्या मजल्यावरच्या मल्याळी नर्सताई ड्यूटीला निघण्याआधी त्याला घेऊन गॅलरीत उभ्या राहतात, आणि चारनंतर समोरच्या बिहारी भाभी. काल ते माझ्याकडे होतं. माझी ती मैत्रीण आली होती, आता ती रांगोळीचे वर्ग घेते. तिच्या नखांत अजून निळा रंग होता. तिने त्याला उचललं, तोंडासमोर धरलं, आणि ते तिच्याकडे पापणी न हलवता बराच वेळ बघत राहिलं.