वांकेल इंजिनाचा श्वासमार्ग

फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकाच्या कल्पनेतील फिरते इंजिन १९५७ साली प्रथम चालले. त्यात वरखाली होणारा दट्ट्या नाही, झडपाही नाहीत. त्रिकोणी रोटर फिरता फिरता आपल्या कडेनेच हवेचे द्वार उघडतो व मिटतो. म्हणून या द्वाराची कड घासून थोडी जरी वाढविली, तरी केवळ वाट रुंद होत नाही, हवा आत येण्याची वेळही बदलते!

द्वारापर्यंत हवा आणणारी नळी ओतीव धातूची असते. ओतकामात राहिलेले कंगोरे आणि जोडाजवळची पायरी घासून काढली, की प्रवाह अडखळत नाही. मात्र ती आरशासारखी चकचकीत करण्याचा हव्यास व्यर्थ होय. आणि वाजवीपेक्षा रुंद केल्यास मंद गतीत हवेचा जोर ओसरून इंजिन दुबळे होते. द्वारच अमर्याद वाढविले, तर रोटरच्या कोपऱ्यातील सीलला आधार उरत नाही. ते भोकात अडकून मोडते. यासाठी कित्येक कारागीर मध्ये धातूची अरुंद पट्टी राखतात. तिला ते पूल म्हणतात.

१९९१ साली फ्रान्समधील ल मां येथील २४ तासांची शर्यत जिंकणाऱ्या माझदा ७८७ बी या मोटारीत चार रोटर होते. तिच्या नळ्या तर धावता धावता लांबी बदलीत: मंद गतीत लांब, वेगात आखूड.